पहिलीच गिअरची गाडी घेतेय आणि नागपूरहून लांब जायचंय. कोणती घेऊ?

रातपाळी (मनीषनगर, नागपूर)

नमस्कार. आधी माझी सगळी माहिती देते, म्हणजे उंची किती, बजेट किती हे परत विचारावं लागणार नाही.

वय ३१, स्टाफ नर्स आहे. उंची पाच फूट दोन इंच, वजन ५२ किलो. बारा वर्षं ॲक्टिव्हा चालवली. गिअरची गाडी मागच्या दिवाळीनंतर बाबांच्या जुन्या स्प्लेंडरवर शिकले. तिच्यावर आतापर्यंत अठराशे किलोमीटर झाले असतील. सगळ्यात लांब गेले ती रामटेकला, एकटी, पहाटे निघून दहाच्या आत परत. त्या दिवशी दुपारी झोपायचं सोडून मी नकाशा बघत बसले आणि तिथून हे डोक्यात बसलंय.

बाबा तीस वर्षं ट्रकवर होते. संत्र्याच्या हंगामात नागपूर–हैदराबाद–बंगळूर लाईन. तेव्हा त्या रस्त्याला 'सात नंबर' म्हणायचे, आता तो ४४ झाला. लहानपणी आम्हाला पाढ्यांसारखी त्या रस्त्यावरची गावं पाठ होती: बुटीबोरी, जांब, हिंगणघाट, वडनेर, पांढरकवडा, आदिलाबाद, निर्मल. बाबा बंगळूरच्या पुढे कधी गेले नाहीत. माल तिथेच उतरायचा. हा रस्ता खाली कन्याकुमारीला समुद्रापाशी संपतो हे त्यांनी फक्त ऐकलंय. आता त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. मला तो रस्ता शेवटपर्यंत जायचा आहे आणि प्रत्येक मुक्कामावरून त्यांना फोन करायचा आहे. झिरो माईलपासून सतराशे किलोमीटरच्या वर होतं.

पण फक्त हायवेच नाही. त्याआधी तामिया-पाताळकोट, पचमढी, चिखलदरा, हिवाळ्यात भामरागड. आणि दोनेक वर्षांनी हिमाचलातलं स्पिती. म्हणजे गाडी हायवेवर पण टिकली पाहिजे आणि गिट्टीच्या रस्त्यावर पण.

गाडी आणि हेल्मेट-जॅकेट सगळं धरून सव्वादोन लाख जमलेत. कर्ज काढायचं नाही. डोक्यात असलेल्या गाड्या: एक्सपल्स २०० ४व्ही, व्ही-स्ट्रॉम एसएक्स, आणि सेकंडहँड मिळाली तर हिमालयन, जुनी ४११ किंवा नवी ४५०. भाऊ म्हणतो, क्लासिक ३५० घे, पुढे विकताना भाव येतो.

मागच्या आठवड्यात दोन शोरूममध्ये जाऊन आले. एका ठिकाणी माणूस पूर्ण वेळ भावाशीच बोलत होता. मी टेस्ट राईड मागितली तर म्हणाला, "मॅडम, स्कूटरमध्ये नवीन कलर आलेत, दाखवू का?" मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या ठिकाणी बसू दिलं, पण माझे दोन्ही पाय टेकेनात, नुसत्या बोटांच्या टोकांवर उभी. तिथल्या माणसाने सांगितलं, पाय पूर्ण टेकत नसतील तर ही गाडी तुमच्यासाठी नाहीच.

तर मला विचारायचं ते असं. पाय टेकणं खरंच इतकं महत्त्वाचं आहे का? दोनशे सीसी कन्याकुमारीला पुरेल का? आणि एकटी असताना पंक्चर झालं तर काय करायचं? हे शेवटचं मला सगळ्यात जास्त सतावतं.

---

लाईनमन (काटोल)

बेटा, तुझ्या बाबांच्या वयाचा आहे मी, म्हणून अरेतुरे करतो. राग मानू नको.

मी सत्तावीस वर्षं वीज खात्यात लाईनवर होतो. काटोल, नरखेड, जलालखेडा हा सगळा पट्टा. पावसाळ्यात रात्री दोन वाजता फीडर गेला की निघायचं, काळ्या मातीतून, मागे दोरी न् झुला बांधून. त्यामुळे ॲडव्हेंचर का काय म्हणतात ते मी पगार घेऊन केलं. त्यावरून एकच गोष्ट सांगून राहिलो, ती लक्षात ठेव. गाडी निवडताना लोक सीसी बघतात. तू वजन बघ.

क्लासिक १९५ किलो, हिमालयन ४५० ही १९६, जुनी ४११ तर १९९. आता सिमेंटची गोणी पन्नास किलोची असते. म्हणजे चार गोण्या. एक्सपल्स १५९ च्या आसपास, तीन गोण्या आणि वर थोडं. व्ही-स्ट्रॉम १६७. चालत्या गाडीवर हा फरक कळत नाही, कळतो तो गाडी थांबल्यावर. उतारावर पार्क करताना, चिखलात मागे ओढताना आणि आडवी पडल्यावर. आणि पडणारच. मुरमाच्या रस्त्यावर मी वर्षातून दोनदा तरी पडायचो, तेही पंधरा-वीसच्या स्पीडने. लागायचं नाही. पण पडल्यावर गाडी एकट्याने उभी करता आली तरच पुढे जाता येते.

म्हणून माझं म्हणणं असं, जी घ्यायची ती एकदा आडवी पाडून उचलून पाहा. शोरूमवाला करू देणार नाही. ओळखीतल्या कोणाची तरी गाडी माग, खाली जुनी गादी टाक आणि हळूच आडवी कर. उचलायची रीत अशी: उजव्या बाजूला पडली असेल तर साईड स्टँड आधीच काढून ठेव, गिअरमध्ये टाक. गाडीकडे पाठ करून सीटला कुल्ले टेकव, एका हाताने खालचं हँडल धर, दुसऱ्याने सीटमागची धरायची दांडी, आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर मागे मागे चालत जा. कमरेतून वाकून उचलशील तर कंबर जाईल.

दुसरं, काळ्या मातीत जाणार असशील तर पुढचं मडगार्ड चाकापासून वर असलेली गाडी बरी. खाली चिकटून असलेल्या मडगार्डात चिखल भरतो आणि चाक जाम होतं. मी किती वेळा रात्री पान्याने मडगार्ड सोडवलंय ते मलाच माहीत.

दोनशे पुरेल का, विचारलंस. मी निवृत्त झाल्यावर १२५ सीसीवर कन्याकुमारीला जाऊन आलो. जाताना सहा दिवस लावले. साठ-सत्तरच्या वर गेलो नाही. कुणी मागे लागलं नव्हतं. रस्ता चार पदरी आहे, डावीकडून चालत राहायचं. जानेवारी-फेब्रुवारीत जा. नोव्हेंबर-डिसेंबरला तमिळनाडूत त्यांचा परतीचा पाऊस असतो, मला मदुराईच्या अलीकडे दीड दिवस अडकवलं त्याने. आणि मे महिन्यात तर नाव काढू नको. आपल्याकडचं पंचेचाळीसचं ऊन जॅकेट घालून कसं लागतं ते मी तुला, नर्सला, काय सांगणार.

---

आठरस्ता चौक (नागपूर)

काकांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण दोन ठिकाणी माझं मत वेगळं आहे.

मी चाळीस हॉर्सपॉवरच्या वर्गातली गाडी चालवतो, तीन वर्षांत बत्तीस हजार किलोमीटर झाले. ४४ वर साठच्या स्पीडने चालणं मला सुरक्षित वाटत नाही. ट्रक साठ-सत्तरने जातात आणि तुम्ही त्यांच्याच स्पीडने गेलात तर दिवसभर एखादा मागे किंवा बाजूला चिकटून राहतो. ट्रकच्या पुढे निघून जाण्याएवढी ताकद हाताशी पाहिजे. एक्सपल्सची साधारण १९ हॉर्सपॉवर. ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत ती आरामात राहते, त्याच्यावर इंजिनाला मेहनत पडते आणि हातापायांना कंप जाणवायला लागतो. व्ही-स्ट्रॉमची २६ च्या वर. हायवेवर हा फरक रोज जाणवेल.

स्पितीचंही लक्षात घ्या. कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे. तिथे हवा विरळ, त्यामुळे कुठल्याही इंजिनाची एक-तृतीयांशापेक्षा जास्त ताकद जाते. इंजेक्शनची गाडी पेट्रोलचं प्रमाण सांभाळून घेते, पण हवाच नाही तर ती तरी काय करणार? एकोणीसचे बारा उरतात. चढता येतं, लोक शंभर सीसीवर पण चढतात, पण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये.

आता वजनाबद्दल. इथे मात्र मी काकांच्याच बाजूने आहे, आणि त्याचं कारण सांगतो. माझी पहिली मोठी गाडी दोनशे किलोची होती. नाव घेत नाही, गाडीचा काही दोष नव्हता. घेऊन दोन महिने झालेले, तामियाच्या पुढे फोटो काढायला उतारावर थांबलो. डावा पाय खाली टाकला आणि तिथे जमीनच नव्हती, कडेचा मुरूम खचलेला. गाडी माझ्यावर आली. घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. माझी उंची पाच फूट आठ आहे, म्हणजे पाय टेकत होते तरी हे झालं. छिंदवाड्यापर्यंत एका पिकअपवाल्याने आणलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही.

त्या सहा आठवड्यांत मला कळलं की मी गाडी पुढच्या पाच वर्षांच्या स्वप्नासाठी घेतली होती आणि पहिल्या दोन महिन्यांचा विचारच केला नव्हता. तुमच्या यादीतून हिमालयन काढून टाका असं मी म्हणेन. वाईट आहे म्हणून नाही. ४५० माझी आवडती गाडी आहे, १७ लिटरची टाकी, हायवेवर शंभरला शांत. पण ती तुमची दुसरी गाडी होऊ द्या. किमतीचंही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४०. कर्ज न काढता सव्वादोनात गाडी आणि नीट हेल्मेट-जॅकेट दोन्ही बसवायचं तर उत्तर त्या रेषेच्या खालीच आहे.

माझं मत व्ही-स्ट्रॉम. टायर ट्यूबलेस आहेत. तुमचा पंक्चरचा प्रश्न तिथेच अर्धा सुटतो. खिळा काढा, चिकटपट्टी खुपसा, हवा भरा, वीस मिनिटांत मोकळ्या.

---

अंबापेठ (अमरावती)

ताई, मी पाच फूट एक. साडेतीन वर्षं एक्सपल्स चालवते. पाय टेकण्याचं मी सांगते, कारण हे मला कोणीच नीट सांगितलं नव्हतं.

दोन्ही पाय कधीच एकाच वेळी टेकवायचे नसतात. थांबताना डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर. त्यासाठी सीटवर कुल्ला थोडा डावीकडे सरकवायचा, मग पूर्ण तळवा टेकतो. शोरूममध्ये गाडी सरळ उभी धरून दोन्ही पाय टेकतात का बघतात, त्या परीक्षेत आपण नापास होणारच. एक्सपल्सची सीट ८२५ मिलिमीटर आहे आणि व्ही-स्ट्रॉमची ८३५. पण नुसता आकडा बघू नका. सीट पुढे टाकीजवळ किती अरुंद आहे ते बघा. रुंद सीट असली की मांड्या फाकतात आणि कमी उंचीची गाडीसुद्धा उंच वाटते. भावाच्या क्लासिकची सीट ८०५ आहे म्हणून ती सोपी वाटेल, पण ते १९५ किलो सांभाळायचे तुम्हालाच.

अजून एक. गाडी बसल्यावर थोडी खाली दबते. आपलं वजन बावन्न किलो, त्यामुळे ती कमी दबते. मागच्या शॉकॲबची स्प्रिंग किती दाबून ठेवलीय ते मेकॅनिककडून सगळ्यात मऊ करून घ्या, मग परत बसून पाहा. मला सव्वा-दीड सेंटिमीटरचा फरक पडला. शिवाय जाड तळव्याचे बूट घ्या. सीटचा फोम कापणारे कारागीर मिळतात, मी दोन सेंटिमीटर काढून घेतला, पण त्याने लांबच्या प्रवासात बूड दुखतं, हे खरं. मागच्या शॉकॲबला जोडणाऱ्या पट्ट्या बदलून गाडीच खाली करण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. जमिनीपासूनची उंची जाते आणि साईड स्टँड लांब पडून गाडी सरळ उभी राहते, वाऱ्याने पडते.

थांबायची जागा आधी शोधायची ही सवय लावा. मी चौकात पोहोचायच्या आधीच बघते, डावीकडे सपाट कुठे आहे. खड्डा असेल तर पाच फूट अलीकडे थांबते. आठरस्तावाल्या दादांचं जे झालं ते यानेच टळतं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना मी वळणावर कधीही थांबत नाही, सरळ तुकडा आला की थांबते.

पंक्चर. एक्सपल्सला स्पोकची चाकं आणि ट्यूब, हा तिचा तोटा मी नाकारत नाही. पण स्पोकचं चाक दगडावर आपटलं तर लवचिक असतं आणि पुढचं २१ इंची चाक खड्ड्यावरून जसं जातं तसं लहान चाक जात नाही. मी गावातल्या पंक्चरवाल्याकडे तीन रविवार बसले. चाक काढणं, टायर लिव्हरने टायर उतरवणं, ट्यूब बदलणं, परत बसवणं. पहिल्यांदा दोन तास लागले आणि ट्यूब लिव्हरमध्ये चिमटली. आता पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. सोबत २१ ची एक नवी ट्यूब ठेवते, अडचणीत ती मागच्या १८ च्या चाकातही चालवून नेता येते. खरं सांगू, प्रत्यक्षात रस्त्यावर एकदाच गरज पडली, आणि तेव्हासुद्धा दोन किलोमीटरवर पंक्चरवाला होता. तरी येतं हे माहीत असण्याने रस्त्यावर मन शांत राहतं.

आणि बाई म्हणून दोन गोष्टी. पहाटे पाचला निघा, चारच्या आत मुक्काम गाठा. हायवेच्या मोठ्या पेट्रोल पंपावरच थांबा, बाथरूम आहे का ते विचारायला लाजू नका, कुलूप असेल तर किल्ली मागा. पाणी कमी प्यायची चूक करू नका. मी केली होती, आणि त्याचं इन्फेक्शन होऊन बसलं. तुम्ही नर्स आहात, तुम्हाला माहीतच आहे.

---

रातपाळी (मनीषनगर, नागपूर)

तुम्ही सगळ्यांनी इतक्या मनापासून लिहिलंत, मी ड्युटीवर दोनदा वाचलं. पहाटे चारला वॉर्ड शांत असतो.

लाईनमन काका, तुम्ही उचलण्याची जी रीत सांगितलीत ती वाचून मी थबकलेच. आम्ही ऐंशी किलोच्या पेशंटला बेडवरून खुर्चीत अगदी असंच घेतो. पाठ ताठ, वजन अंगाजवळ, जोर मांड्यांचा. हे काम मी नऊ वर्षं करतेय. त्यामुळे आता मला निदान कशाचा सराव करायचा ते कळलं.

अंबापेठ ताई, डावा पाय-उजवा ब्रेक हे मी काल स्प्लेंडरवर ठरवून करून पाहिलं. इतके दिवस मी दोन्ही पाय खाली सोडून थांबत होते, ॲक्टिव्हाची सवय.

आठरस्ता दादा, घोटा आता पूर्ण बरा आहे ना? पायऱ्या उतरताना दुखत असेल तर व्यायाम सोडू नका.

---

लाईनमन (काटोल)

एक राहिलं. मुंबईकडे कधी निघालीस तर समृद्धीवर चढायला जाऊ नको, तिथे दुचाकीला बंदी आहे. वर्धा-कारंजाकडून जुन्या रस्त्याने जायचं. आणि भामरागडला हिवाळ्यातच जा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो. आलापल्लीला टाकी भर आणि मगच पुढे निघ. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प बघ, आणि तिथून जवळच तीन नद्यांचा संगम आहे, तो संध्याकाळी बघ.

---

रातपाळी (मनीषनगर, नागपूर)

तीन आठवड्यांनी लिहितेय. निर्णय झाला. कसा झाला ते लिहिते, कारण माझ्यासारखी अजून कोणी शोधत आली तर तिला उपयोग होईल.

वॉर्डातल्या एका ब्रदरकडे (पुरुष नर्सला आम्ही ब्रदर म्हणतो) हिमालयन ४५० आहे आणि त्याच्या मित्राकडे एक्सपल्स. सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही हिंगण्याच्या एमआयडीसीत गेलो, तिथले आतले रस्ते रिकामे असतात. खाली वॉर्डातली टाकून दिलेली रेक्झिनची गादी अंथरली. आधी एक्सपल्स आडवी केली. पहिल्या प्रयत्नात पाय घसरले, कारण मी साधे कॅनव्हासचे बूट घातले होते. दुसऱ्यांदा उठली. थोडं थांबून परत आडवी केली, परत उठली. तिसऱ्यांदा दमले होते तरी उठली. मग ४५०. ती अर्ध्यापर्यंत आली, माझ्या मांड्या थरथरायला लागल्या आणि तिथून पुढे जाईना. ब्रदरने हात दिला. दहा मिनिटं बसून परत प्रयत्न केला, तिथेच अडकली. मग मी ती यादीतून काढली. वाईट वाटलं, कारण तिच्यावर बसल्यावर फार छान वाटतं.

व्ही-स्ट्रॉम उचलून पाहायला मिळाली नाही, पण या वेळी दुसऱ्या शोरूमला गेले आणि एकटी गेले. तिथल्या मुलीने स्वतः किल्ली दिली. आऊटर रिंगरोडवर बारा किलोमीटर चालवली. आठरस्ता दादा, तुमचं बरोबर आहे. ऐंशीवरून पुढे जाताना ती जशी निघते तशी एक्सपल्स निघत नाही. सीटपण जास्त आरामाची. घरी येईपर्यंत माझं जवळजवळ तिच्याच बाजूने ठरलं होतं.

मग एक्सपल्स घेऊन त्या ब्रदरबरोबर आंभोऱ्याला गेले. मोठा पूल बघितला आणि परतताना मुद्दाम कुहीच्या बाजूचा आतला रस्ता धरला. तिथे चार-पाच किलोमीटर काम चालू होतं, सगळी गिट्टी आणि मध्ये एक पाणी आलेला रपटा. मी फूटरेस्टवर उभी राहिले, त्याने सांगितलं तशी, हँडल सैल धरून. पुढचं चाक गिट्टीत इकडे तिकडे जात होतं आणि तरी गाडी सरळ जात होती. मला भीती वाटली नाही. हे मी लिहिते आहे खरं, पण त्या क्षणी कळलंसुद्धा नाही, रपट्याच्या पलीकडे गेल्यावर लक्षात आलं की मी दात आवळले नव्हते. स्प्लेंडरवर रामटेकला जाताना जबडा दुखला होता.

घरी येऊन वहीत हिशोब मांडला. येत्या वर्षात मी कुठे कुठे जाणार? ड्युटी बघता महिन्यातून दोन सुट्ट्या जोडून मिळतात. म्हणजे पचमढी, पाताळकोट, चिखलदरा, भामरागड, आंभोरा, उमरेडच्या बाजूचे आतले रस्ते. कन्याकुमारी एकदाच. मग त्या एका प्रवासात ऐंशीने जाईन आणि बाकी सगळ्या प्रवासांत मला हवी ती गाडी असेल. स्पिती अजून दोन वर्षं लांब आहे. तिथे जाताना गाडी रेल्वेच्या पार्सलने चंदीगडला पाठवायची आणि किन्नौरच्या बाजूने हळूहळू चढत जायचं हे मात्र ठरलं. एकदम उंचीवर जाऊन डोकं धरून बसलेले लोक मला चालणार नाहीत, मी स्वतः तर अजिबात नाही.

तर एक्सपल्स २०० ४व्ही बुक केली. गाडी येत्या गुरुवारी मिळतेय. गाडीच्या आधी हेल्मेट आणि गुडघ्याचे गार्ड घेतले. हेल्मेट आयएसआयचं, पूर्ण चेहरा झाकणारं. जॅकेट जाळीचं, आपल्या हवेला तेच चालेल. उरलेल्या पैशातून टायर लिव्हर, पंप, २१ ची ट्यूब आणि चेनचा स्प्रे. मानेवाड्याच्या पंक्चरवाल्या काकांशी बोलून ठेवलंय, रविवारी सकाळी सातला ये म्हणाले.

बाबांना दाखवायला शोरूममध्ये नेलं होतं. ते आधी मागच्या चाकाजवळ बसले, गुडघ्यांना त्रास होत असतानाही, आणि चेन हाताने दाबून पाहिली. मग मला म्हणाले, ट्रकच्या मागून चालताना त्याच्या आरशात त्याचा चेहरा तुला दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर तूही त्याला दिसत नाहीस, मग तिथून हट. तीस वर्षं त्यांनी तोच आरसा दुसऱ्या बाजूने बघितलाय. घरी आल्यावर त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गावं लिहायला घेतली, कुठे रस्ता उतरता आहे, कुठे पहाटे धुकं असतं. बंगळूरपर्यंत लिहिलीत. त्याखाली जागा सोडलीय.

अंबापेठ ताई, एकच विचारायचं राहिलं. तुम्ही रायडिंग पँट कुठून घेतली? मला कमरेला बसते ती गुडघ्यावर येत नाही, गार्ड नडगीवर सरकतं. शिवून घेतली असेल तर कापड कोणतं वापरलं तेही सांगा.

---

अंबापेठ (अमरावती)

अभिनंदन ताई! पँट शिवून घेतली नाही, पुरुषांच्या सगळ्यात लहान मापाची घेतली आणि आमच्या शिंप्याकडून गुडघ्याचा खिसा तीन बोटं वर सरकवून घेतला. त्याला जाड नायलॉनचा दोरा वापरायला सांगा, साध्या दोऱ्याची शिवण घासली की उसवते. बसलेल्या अवस्थेत माप द्या, उभं राहून नको. पहिली पाचशे किलोमीटर झाली की सर्व्हिसिंगला द्या आणि त्यानंतर चिखलदऱ्याला या. परतवाड्यापर्यंत मी घ्यायला येते.